पयली बंदी, दुसरी बंदी : अण्णांबरोबर खाणपट्ट्यातले पाच दिवस

गोव्याला जाऊन आलो म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "कुठला बीच?" कुठलाच नाही. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, त्यांचा काटा बघायचा होता.

अण्णा १९७८ ते १९८४ गोव्यात डिचोलीजवळच्या एका लोखंडाच्या खाणीवर काटा-कारकून होते. ट्रक रिकामा तोलायचा, भरून आला की पुन्हा तोलायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. सहा वर्षं हेच. कोल्हापूरला परतल्यावर तिकडं पुन्हा गेले नाहीत. यंदा पंच्याहत्तरी झाली आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "काटा बघून यावा म्हणतो." आई म्हणाली, "मी येत नाही, माझे गुडघे बघा आधी." मग जानेवारीत आम्ही दोघंच निघालो. गाडी माझी, पानसुपारी त्यांची.

दिवस पहिला : आंबोली, शिरोडा, रेडी

सकाळी सहाला निघालो. आंबोलीत धुकं होतं. घाट उतरल्यावर एकदम उकडायला लागलं आणि अण्णांनी स्वेटर काढून मागच्या सीटवर टाकला, तो थेट परतीच्या दिवशी घातला. शिरोड्याला दुपारचं जेवण केलं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण अण्णांनी दोनदा मागून घेतलं. वाटेत आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड वाहिला. देवासमोर वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला बघून अण्णा म्हणाले, "हा देव चालतो. म्हणून आवडतो मला."

रेडीला जायचं कारण गणपती. १९७६ साली खाणीवर माल वाहणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरला स्वप्न पडलं, त्यानं सांगितलेल्या जागी खोदलं आणि ही दोन हातांची मोठी मूर्ती मिळाली, अशी इथली हकिगत. आता मोठं देऊळ आहे, नारळ-खेळण्यांची दुकानं आहेत. दुकानातल्या आजोबांनी विचारलं, "खयसून इलात?" अण्णांनी कोल्हापूर सांगितलं आणि लगेच जोडलं, "पण मी पण खाणीवरचाच." त्यानंतर पाऊण तास मी बाकड्यावर बसून दोघांचं ऐकत होते.

आजोबांचा हिशोब मजेशीर होता. खाणीनं गावाला देव दिला, नोकऱ्या दिल्या, बंदराची वर्दळ दिली, आणि पावसात घराच्या पायरीपर्यंत तांबडं पाणीही दिलं. "देव ठेवलो आम्ही. पाणी कोण ठेवतलो?"

सूर्यास्ताला यशवंतगडावर गेलो. अण्णा खालीच थांबले.

टीप : गणपतीचं देऊळ सकाळी लवकर करा, दुपारी बसगाड्यांची गर्दी होते. रात्रीचा मुक्काम शिरोड्याला बरा पडतो, घरगुती खोल्या मिळतात. जेवणाचं मात्र दुपारीच सांगून ठेवावं लागतं.

दिवस दुसरा : बांदा, कळणे, दोडामार्ग, डिचोली

सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन निघालो. बांद्याहून दोडामार्गाकडे वळलं की काजूच्या बागा सुरू होतात. मोहर आला होता, काचा खाली केल्या की वास आत यायचा. याच रस्त्यावर कळणे लागतं.

कळण्याचं नाव मी २०२१ मध्ये पहिल्यांदा ऐकलं. त्या वर्षी २९ जुलैला इथल्या खाणीत साठलेल्या पाण्यानं मातीचा बांध फोडला आणि पाणी गाळासकट गावात शिरलं. माणसं वाचली, बागायती गेल्या. पाणी प्यायला एका घरी थांबलो, तिथल्या गृहस्थांनी पोफळीची बाग दाखवली. अर्धी बाग उंच, अर्धी नवी नि बुटकी. सीमारेषा इतकी सरळ की कुणी दोरी लावून आखल्यासारखी. "गाळ हयपर्यंत होतो," म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला.

त्यांना मी कायद्याचं विचारलं. माझी तयारी होती, वाचून गेले होते. २०१० साली केंद्र सरकारनं रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्या खाणींच्या पर्यावरण परवानग्या थांबवल्या, पण कळण्याची परवानगी त्याआधीची. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीनं पश्चिम घाटाच्या सगळ्यात नाजूक भागात नव्या खाणी नकोत म्हणून सांगितलं. २०१३ पासून सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीवर न्यायालयाची बंदी आहे. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, ह्या सगळ्या आमका म्हायत आसा. जनसुनावणीत आम्ही बोललव. लिहून घेतल्यानी. लिहून घेतलेला खय जाता, ता म्हायत नाय."

निघताना त्यांनी सुपारीची पिशवी अण्णांच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

दोडामार्ग ओलांडलं की गोवा. डिचोलीत पोचेपर्यंत चार वाजले. आमचा मुक्काम बाजारापासून दोन किलोमीटरवर एका घरगुती ठिकाणी होता. यजमान पन्नाशीचे, स्वतः ट्रकमालक. घरात मराठी वर्तमानपत्र, भिंतीवर भजनी मंडळाचा फोटो, बोलणं कोकणी. अण्णांची कोकणी बेचाळीस वर्षांनी पहिल्या वाक्याला अडखळली आणि तिसऱ्या वाक्याला धावायला लागली. रात्री वहिनींनी खतखतं केलं होतं, तिरफळाचा वास घरभर.

जेवताना मी यजमानांना सहज विचारलं, हे घर कधी बांधलंत? ते म्हणाले, "पयल्या बंदीच्या आदल्या वर्सा."

मला कळलं नाही. मग कळलं, आणि पुढचे तीन दिवस तेच ऐकत राहिले. थोरलीचं लग्न पहिल्या बंदीत. धाकट्याची दहावी दुसऱ्या बंदीच्या साली. आमच्या आजीच्या गोष्टींत प्लेगचं साल असायचं, तसं.

पहिली बंदी म्हणजे २०१२. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबरात संसदेत आला, तीन दिवसांत राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही. २०१४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं सांगितलं की गोव्यातल्या सगळ्या लीज, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्या होत्या, त्यानंतर काढलेला माल बेकायदा. पुढं काढायचा तर वर्षाला दोन कोटी टनांपर्यंतच. ऐन भरात, चीन मिळेल तो माल उचलत होता तेव्हा, वर्षाला पाच कोटींच्या वर माल बाहेर जात होता. दुसरी बंदी २०१८ ची. राज्यानं दरम्यान नूतनीकरण केलेल्या ८८ लीज न्यायालयानं ७ फेब्रुवारीला रद्द केल्या, कारण लिलाव न करताच त्या जुन्यांनाच परत दिल्या होत्या. १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प.

यजमानांनी पहिला ट्रक २००६ ला घेतला, दुसरा २०१० ला, दोन्ही कर्जावर. पहिल्या बंदीत एक भंगारात दिला. "पंधरा दिसांची नोटीस तरी जाय आशिल्ली," एवढंच म्हणाले. मग थोडं थांबून, "पण खरें सांगूं? तेन्ना रस्त्यार पाय दवरूंक मेळनासलो. म्हज्याच ट्रकान."

अण्णा पानात बोट फिरवत होते. "आमच्या वेळी लीज म्हणत नसत. कन्सेशन म्हणायचे." बरोबर आहे. पोर्तुगीजांनी दिलेली ती कायमची कन्सेशन्स, म्हणजे खाणहक्क. १९८७ मध्ये संसदेनं कायदा करून त्यांचं लीजमध्ये रूपांतर केलं, तेही मागच्या तारखेपासून, डिसेंबर १९६१ पासून. म्हणजे अण्णा ज्या कन्सेशनच्या पावत्या फाडत होते, ती कागदावर आता लीज होती. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझ्या सगळ्या पावत्या चुकीच्या?"

दिवस तिसरा : शिरगाव आणि मये

सकाळी बाजारात भाजीपाव. पातळ भाजी आणि सुकी भाजी एकाच बशीत घेऊन वर कांदा, त्याला इथं मिक्स म्हणतात. सोबत मिरचीची भजी. हा नाश्ता कुठल्याही हॉटेलच्या बुफेपेक्षा चांगला आहे, यावर वाद नको.

शिरगाव म्हणजे लईराई देवीचं गाव. वैशाख शुद्ध पंचमीला इथली जत्रा भरते, हातात वेताची काठी घेतलेले धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. त्याआधी दिवसेंदिवस व्रत, आंघोळी, सोवळं. म्हणजे या देवीला आधी पाणी लागतं, मग आग. आणि गाव तिन्ही बाजूंनी खाणींनी वेढलेलं.

देवळाजवळच एका मावशींनी अंगणात बोलावलं. "येयात, बसात." त्यांच्या बोलण्यातून मला जे उमगलं ते असं. लोखंडाचा दगड भूजलाच्या पातळीखाली जातो. खाण खोल गेली की खड्ड्यात पाणी भरतं, ते रात्रंदिवस पंपानं उपसावं लागतं. उपसलं की भोवतालच्या विहिरी, झरे खाली जातात. मावशींची विहीर अशीच गेली. "बांयेक उदक ना. मागीर टँकर." वायंगणाचं भात, म्हणजे हिवाळ्यात झऱ्याच्या पाण्यावर होणारं दुसरं पीक, तेही गेलं. मग शेतकऱ्यांनी पंपानं उपसलेलंच पाणी पाटात घ्यायला सुरुवात केली. आणि बंदी आली तेव्हा पंप थांबला, तर ते पाणीही गेलं.

मला वाटलं होतं, खाण बंद झाली तर गावाला बरंच वाटलं असेल. मावशींनी हसून कोकमाचा पेला पुढं केला. "धूळ वता, पूण उदक परत येना." खड्डे आता तुडुंब, विहिरीत मात्र पूर्वीचं पाणी नाही.

नवा प्रश्न नकाशाचा आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनं खाणींचा लिलाव सक्तीचा झाला, आणि गोव्यातले पहिले ब्लॉक, म्हणजे लिलावासाठी आखलेले खाणींचे तुकडे, डिसेंबर २०२२ मध्ये लिलावात गेले. त्यांत डिचोली, शिरगाव-मये हे ब्लॉक आले. गावकऱ्यांचं म्हणणं, ब्लॉकच्या रेषेत आमची घरं, देवळं, शेतं आहेत, ती आधी वगळा. मावशींच्या मुलानं मोबाइलवर नकाशा दाखवला. त्या रेषेच्या आत बोट ठेवून म्हणाला, "तुम्ही हांगा बसल्यात." आम्ही बसलो होतो त्या तुळशीच्या कट्ट्यावर त्याचं बोट होतं, की शेजारच्या माडावर, ते त्या छोट्या पडद्यावर नीटसं कळत नव्हतं. पण अण्णा अभावितपणे उठून उभे राहिले.

दुपारी मये तलावावर. छान आहे, बोटी आहेत, शाळेची सहल आली होती. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

टीप : जत्रेच्या दिवसांत शिरगावात प्रचंड गर्दी असते. गाव आणि देऊळ शांतपणे बघायचं तर इतर वेळी जा. खाणींचे निळे-हिरवे तलाव रस्त्यावरून मोहक दिसतात, पण उतरू नका, कडा ढासळतात आणि खोली भयानक असते. गेटच्या आत जाणं, ड्रोन उडवणं यांच्या भानगडीत पडू नका. फोनवरच्या नकाशावर तर विश्वासच ठेवू नका. आम्हाला मयेहून जवळचा रस्ता म्हणून त्यानं थेट एका खाणीच्या फाटकासमोर नेऊन उभं केलं. रखवालदारानं वहीत नाव लिहून घेतलं, येण्याचं कारण विचारलं. अण्णा म्हणाले, "काट्यावर कामाला होतो." रखवालदारानं तेही लिहिलं.

दिवस चौथा : पिसुर्ले, सोनशी आणि काटा

पहाटे चांगलीच थंडी होती, गवतावर दव. साखळीत चहा घेऊन होंड्याकडे निघालो. इथून सत्तरी तालुका लागतो. रस्त्याच्या कडेची झाडं अजून तांबूस दिसतात. वहिनींनी बजावलं होतं, काचा बंद ठेवा, पण वाहतूक बेताचीच होती. मालाचे ट्रक दिसले ते ताडपत्री घातलेले, प्रत्येकाला जीपीएस. यजमानांच्या भाषेत, "आता ट्रक खंय थांबलो तें पणजेक कळटा. पयलीं मालकाक सुद्दां कळनासलें."

सोनशीत एका टपरीवर थांबलो. लहानसं गाव. २०१७ मध्ये रोज शेकड्यांनी जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीला कंटाळून लोक रस्त्यावर बसले. पाणी द्या, धूळ थांबवा, एवढीच मागणी. एप्रिलमध्ये ४५ जणांना अटक झाली, बायामाणसं तुरुंगात गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. टपरीवाल्या काकांना ते सांगायचा कंटाळा आला असावा, कारण त्यांनी दोन वाक्यांत संपवलं आणि विचारलं, "भजी घालूं?" घातली. फार चांगली होती.

खात खात मीच विषय काढला. २०१५ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यानं सरकारला रॉयल्टी द्यायचीच, शिवाय लिलावातली लीज असेल तर रॉयल्टीच्या १० टक्के, जुनी असेल तर ३० टक्के रक्कम खाणबाधित गावांसाठी द्यायची, आणि तिच्यातला निदान ७० टक्के (२०२४ च्या आधी ६० टक्के) पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण असल्या गोष्टींवर जावा. शिवाय २०१४ च्या निकालानं मालविक्रीतले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत. कागदावर इतकं चांगलं मी क्वचित वाचलं आहे. काका तळणीतली भजी उलटत होते. "पयसे आसा म्हणटात. आमी अर्ज केला." कधी? "दुसऱ्या बंदीच्या उपरांत." आणखी काय विचारणार.

मला तिथं एक गोष्ट खटकली आणि अजून खटकते आहे. खाण सुरू करायची परवानगी दिल्ली-पणजीतून आली, बंदीही तिथूनच आली, निधीचे नियमही तिथूनच. सोनशीच्या वाट्याला आली ती धूळ, अटक आणि अर्ज. केपे तालुक्यातल्या कावऱ्याच्या आदिवासींनी तर मागणी केली होती, खाण चालवायचीच असेल तर आमच्या सहकारी संस्थेला द्या, आम्ही काढू जपून. तेवढी एक मागणी मला ऐकलेल्या सगळ्यांत शहाणी वाटते. अण्णांचं मत वेगळं. ते म्हणाले, "काट्यावर कोण बसतो ते महत्त्वाचं. संस्था कुणाचीही असू दे."

मग काटा. डिचोलीच्या बाजूला परत येऊन अण्णांच्या आठवणीवर तासभर फिरलो. एक वडाचं झाड, त्यापुढं ओहोळ, मग डोंगर, डोंगराच्या पायथ्याला काटा. वड सापडला. ओहोळ सापडला, गाळानं भरलेला. पुढं अण्णा थांबले आणि चारी बाजूंना बघायला लागले.

"डोंगर कुठाय?"

समोर डोंगर होता की. मी दाखवला. "हा नव्हे. हा नव्हताच इथं."

वाटेनं जाणाऱ्या एका माणसानं उलगडा केला. अण्णांचा डोंगर जिथं होता तिथं आता पाण्यानं भरलेला खड्डा. आणि आम्ही बघत होतो तो डंप. गोव्यात एक टन माल काढायचा तर अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते, तिचा झालेला डोंगर. घसरू नये म्हणून वर आकेशिया लावलेली, तीही आता मोठी झालेली. पावसात त्याची माती शेतात येते, हे त्या माणसानं सांगितलं नाही, बांधावरच्या लालसर गाळानं सांगितलं.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हिशोब सुरू झाला. दिवसाला अमुक खेपा, खेपेला साधारण दहा टन, वर्षाला पाऊस सोडून इतके दिवस, गुणिले सहा. त्यांनी आकडा सांगितला, मी तो इथं लिहीत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी बदलला. "म्हणजे यातला एवढा डोंगर," हाताचा पंजा डंपाच्या दिशेनं धरून म्हणाले, "मी तोलला."

रात्री वहिनींनी अळसांद्याचं तोणाक केलं. अण्णा नेहमीपेक्षा कमी जेवले.

दिवस पाचवा : नार्वे, दिवाडी आणि परत

परतीला सरळ साखळीहून चोर्ला घाट धरला असता तर लवकर पोचलो असतो. पण अण्णांना सप्तकोटेश्वराला जायचं होतं. नार्व्याचं हे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवून घेतलं. छोटं, नीटस, दीपमाळेसमोर कुत्रं झोपलेलं. तिथून जवळच दिवाडी बेटाची फेरीबोट.

टीप : नार्वे ते दिवाडी आणि दिवाडी ते जुनं गोवे अशा दोन फेऱ्या आहेत, गाडी चढवता येते. चालत येणाऱ्यांना पैसे नाहीत. रविवारी रांग लागते. बेटावर थांबून एखाद्या घरगुती खानावळीत जेवा, घाई करू नका.

दुसऱ्या फेरीत अण्णा गाडीतून उतरून कठड्याला टेकले. मांडवीवर ऊन चमकत होतं. वरच्या अंगानं एक बार्ज, म्हणजे खनिज वाहणारी सपाट बोट, येत होती, मुरगावच्या दिशेनं. पूर्वी एकामागून एक असायच्या म्हणे, आज ती एकटीच. जपानला जायचा माल असाच जायचा, अण्णा म्हणाले, त्यांनी तोललेला.

फेरीवरचा पोरगा शेजारी येऊन उभा राहिला. "चालू जाल्यात परत," बार्जेकडे मान हलवून म्हणाला. आनंदानं की कसा, ते कळलं नाही. त्याच्या घरी कुणी ट्रकवर आहे का, विचारायचं राहिलं.

अण्णांनी चष्मा पुसला, बार्जेच्या बाजूवर रंगवलेल्या खुणा पाण्यात कुठवर बुडाल्या आहेत ते डोळे बारीक करून पाहिलं.

"पूर्ण भरलेली नाही," म्हणाले. "पावती मात्र पूर्ण फाडली असेल, बघ."